जांगडवर आणलेली वाटी

नाशिकहून एकटी बाई सुरतेला निघाली म्हणजे ती साड्या आणायला निघाली, असं सगळे धरून चालतात. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी मला साड्यांच्या तीन दुकानांचे पत्ते दिले आणि चौथ्या दुकानात फसवतात म्हणून बजावलं. मी वाट्या बघायला चालले आहे म्हटल्यावर मात्र त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. नाशकात वाट्या मिळत नाहीत का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण सापुतारा येईपर्यंत तो आमच्या दोघींच्या मध्ये बसून होता.

मिळतात. माझंच काचसामानाचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं, मेन रोडच्या मागच्या बोळात. कपबशा, लोणच्याच्या बरण्या, हॉटेलांच्या जाड प्लेटा. सासरे तडा गेलेली बशी तडा गेलेली म्हणूनच विकायचे आणि गंमत म्हणजे लोक ती घ्यायचे. आता लोक दुकानात येऊन कप हातात धरून बघतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन फोनवर मागवतात. मार्चअखेर शटर कायमचं ओढायचं, असं मी आणि माझ्या मुलीने ठरवून टाकलं होतं. मुलगी बेंगळुरूला असते. तिला ठरवायला सोपं गेलं.

तेवढ्यात धरणाकडच्या एका नव्या रिसॉर्टचा मॅनेजर आला. त्याला जेवणघरात मांडायला साठ जुन्या चिनी वाट्या हव्या होत्या, बुडालेल्या जहाजातून काढलेल्या. अंगावर शंख-शिंपल्यांची पुटं असलेल्या. सोबत दुकानाच्या कागदावर सहीची चिठ्ठी हवी होती, की या वाट्या खरोखर समुद्रातून आलेल्या आहेत. वाट्या पसंत पडल्या तर रिसॉर्टचं सगळं काचसामान माझ्याकडून घेणार, आज आणि दरवर्षी. म्हणजे दुकान चालू राहणार. मीच का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या दुकानाचं नाव जुनं आहे. चिठ्ठीला वजन येतं."

सुरतेच्या हसमुखभाईंकडून मी गेली कित्येक वर्षं ट्रान्सपोर्टने हॉटेलच्या प्लेटा मागवते. कधी भेटलो नव्हतो. त्यांच्याकडे अशा वाट्यांचा आख्खा माल चीनमधून कंटेनरने आला आहे, हे त्यांनीच महिन्यापूर्वी फोनवर सांगितलं होतं, फोटोही पाठवले होते. पण फोटो बघून मी चिठ्ठीवर सही करणार नव्हते. म्हणून संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मी बसमध्ये बसले.

उधना, लिंबायत

उधन्याला उतरले तेव्हा दुपार टळली होती. रस्त्याच्या कडेला पतंगाच्या मांजाचं काम चाललं होतं. खांबापासून खांबापर्यंत पांढरा दोरा ताणलेला आणि दोन माणसं हातात गुलाबी लगदा घेऊन त्यावरून पुढेमागे चालत होती. त्यांचे हात कोपरापर्यंत गुलाबी झाले होते. आमच्याकडे येवल्यात संक्रांतीला पतंग उडतात आणि येवलेकरांना त्याचा अभिमान आहे. सुरतेत तो अभिमान नाही, इथे तो व्यवसाय आहे. मी बघत उभी राहिले तर एकाने हिंदीत विचारलं, किती रीळ देऊ.

मुक्काम लिंबायतला होता, चुलतदीर वसंतभाऊंकडे. वसंतभाऊ अमळनेरहून विशीत इथे आले आणि तेव्हापासून पॉवरलूमवर आहेत. बायको सुनंदा घरी साड्यांवर खडे चिकटवते. दोन खोल्या, वर पत्र्याचं छप्पर. बाहेरच्या खोलीत पसरलेली साडी, तिच्यापाशी खड्यांची डबी आणि पांढऱ्या गोंदाचा कोन. हातावर मेंदी काढतात तसाच कोन, पण सुनंदाचा हात मेंदीवालीपेक्षा भरभर चालतो. गल्लीत कुठल्याही दारात डोकावलं तरी हेच दृश्य. लूमचा खडखडाट इतका सतत होता की तासाभराने मला तो ऐकू येईनासा झाला. दर शुक्रवारी वीज जाऊन तो थांबतो तेव्हा म्हणे लहान बाळं दचकून उठतात.

"वहिनी, वाट्यांसाठी एवढ्या लांब?" वसंतभाऊंनीही विचारलंच. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बुडालेल्या वस्तू जेवणघरात मांडायच्या. बरं."

सुनंदाने भरीत केलं होतं. वांगी तिच्या माहेरून आलेली, कापसाच्या काड्यांवर भाजता आली नाहीत म्हणून गॅसवर भाजलेली, याबद्दल तिने तीनदा माफी मागितली. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. खान्देशी माणूस गाव सोडतो, भाषाही थोडी सोडतो, वांगं सोडत नाही. त्यांची मुलगी कॉलेजला जाते. ती आईशी अहिराणीत, वडिलांशी हिंदीत आणि मैत्रिणीशी फोनवर गुजरातीत बोलत होती. माझ्याशी मात्र पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलली, आणि त्यामुळे आम्हा दोघींनाही अवघडल्यासारखं झालं.

कतारगाम

हसमुखभाईंचं गोडाऊन कतारगामला हिऱ्यांच्या कारखान्यांच्या मध्ये आहे. जिन्यात माणसं बाकड्यांवर, दुचाकींच्या सीटवर बसून कागदाच्या पुड्या उघडतात, चिमट्याने खडा उचलतात, डोळ्याला भिंग लावतात आणि पुडी मिटून दुसऱ्याच्या हातात देतात. पावती नाही, साक्षीदार नाही. मी पर्स छातीशी धरून त्यांच्यातून वर गेले. नंतर माझ्या लक्षात आलं की त्या जिन्यात पर्स धरून चालणारी मी एकटीच होते.

हसमुखभाई सत्तरीचे, बारीक, पांढऱ्या सफारीतले. "आवो बेन, आवो. इतकी वरसं आवाज ऐकला, आज चेहरा पाहिला." महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांशी बोलून बोलून त्यांनी स्वतःची एक मराठी तयार केली आहे. अडतील तिथे गुजराती घालतात आणि पुढे जातात. वडील हिऱ्यांत होते. यांना खड्यांकडे बघून डोळे दुखायचे म्हणून हे चिनीमातीत आले.

टेबलावर, त्यांच्या हाताशी, एक वाटी होती. निळी नक्षी, एका बाजूला दगडासारखं पांढुरकं पूट, त्यात एक शिंपला रुतलेला. आत रबरबँड आणि टाचण्या.

"आ नमुनो," ते म्हणाले. "दोन वरस आधी कुरियरने आली. ही पाहिली, आवडली, मग माल मागवला. पार्टीनी व्हिडिओ पण दाखवला, माणसं पाण्यात उतरतात, टोपली भरून वर येतात."

मग त्यांनी गोडाऊन दाखवलं. अर्ध्या भागात हॉटेलच्या प्लेटा, कंटेनरमधून आलेल्या, तशाच पेंढ्यात. उरलेल्या अर्ध्यात या वाट्या. काही शे असतील. प्रत्येकीवर पूट, प्रत्येकीवर शंख-शिंपले, कुठे पोवळ्याचा तुकडा. खिडकीतून आलेल्या उन्हात त्या सगळ्या एकदम बघितल्या आणि खरं सांगते, छातीशी धरलेली पर्स मी एका खोक्यावर ठेवून दिली. याच शहराच्या बंदरात एकेकाळी चिनी भांड्यांची जहाजं लागायची, असं शाळेत शिकले होते. बुडालेलं एखादं जहाज उशिरा का होईना सुरतेला पोचलं, असं मला वाटून गेलं.

मी एक वाटी उचलली. काचसामानवाल्या बाईची बोटं आपोआप तळाशी जातात. तळाची कडा वापराने, वाळूने झिजलेली असायला हवी. हिची धारदार होती. झिलईही जरा जास्तच ताजी. पण मी स्वतःला सांगितलं की गाळात पुरलेली वस्तू झिजत नसेल. ती वाटी मला खरी असायला हवी होती. ही गोष्ट लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

"मला एक दिवस ठेवता येईल?" मी विचारलं. नाशकातल्या एका जाणकारांना नीट फोटो काढून पाठवायचे होते.

"जांगड पर लई जाव," ते म्हणाले. त्यांनी एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या, माझं नाव घातलं, सही मागितली. जांगड म्हणजे हिरेवाल्यांची रीत. माल पसंतीसाठी न्यायचा. आवडला तर ठेवायचा, नाही तर ज्या स्थितीत नेला त्याच स्थितीत सांगितलेल्या वेळी परत द्यायचा. तोवर माल देणाऱ्याचाच. खालच्या जिन्यात दिवसभर तेच चाललेलं असतं, तेही चिठ्ठीशिवाय. "काल बपोरपर्यंत," हसमुखभाई म्हणाले. गुजरातीत बपोर म्हणजे दुपार आणि काल म्हणजे उद्याही होतं, हे मला ठाऊक होतं म्हणून मी चमकले नाही.

वाटी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली आणि उरलेली दुपार मोकळी मिळाली. जवळच डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांची जुनी थडगी आहेत, ती पाहिली. थडगी म्हणजे घुमट, कमानी, दुमजली बांधकाम. आपल्याकडे एवढ्या जागेत चाळ बसते. माल न्यायला आलेली ही माणसं स्वतः इथेच राहून गेली. पहारेकरी सावलीत झोपला होता आणि एका कमानीत कुणीतरी पतंग वाळत ठेवले होते.

तिथून तापीकाठी जाऊन पोंक खाल्ला. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण त्याला हुरडा म्हटलेलं सुरतकरांना चालणार नाही. आपण शेतात आगटीभोवती बसून, हात भाजून घेत, दह्याच्या चटणीशी हुरडा खातो. इथे तो स्वच्छ निवडून वजनावर मिळतो आणि वर लिंबू-मिऱ्याची शेव घालतात. चव छान. फक्त हात काळे होत नाहीत, त्यामुळे खाल्ल्यासारखं वाटत नाही.

जाणकारांचं उत्तर संध्याकाळी आलं. फोटोवरून काही सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मी वाटी ओट्यावर ठेवली. सुनंदा भाकरी थापत होती. "काय ना ही?" तिने विचारलं.

"एकांची आहे. उद्या परत द्यायची आहे," मी म्हटलं, आणि हातपाय धुवायला गेले. या दोन वाक्यांपलीकडे मी तिला काही सांगितलं नाही. आदल्या दिवशी सगळी कहाणी मी वसंतभाऊंना सांगितली होती. सुनंदा तेव्हा आत वांगी भाजत होती.

पुन्हा लिंबायत

सकाळी वसंतभाऊ मला लोचो खायला घेऊन गेले. लोचो म्हणजे खमण करताना कुणाच्या तरी हातून बिघडलं आणि तसंच विकलं गेलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. मऊ, ओलसर, वर तेल, शेव आणि कांदा. चूक झाली तर ती लपवू नये, वर शेव घालून द्यावी, असं मला वाटलं आणि मी आणखी एक प्लेट मागवली.

परत आलो तर ओट्यावर वाटी नव्हती. तिच्या जागी एक लखलखीत निळी-पांढरी वाटी होती आणि तिच्यात सहा तिळाचे लाडू रचून ठेवले होते.

मला कळायला दोन-तीन क्षण लागले. मग मी ओरडले. पाहुणी म्हणून आलेल्या बाईने ज्या घरात ती जेवली त्या घरात ओरडू नये तशी ओरडले. "अगं, काय केलंस हे? कुणी सांगितलं होतं घासायला?"

सुनंदाचा चेहरा उतरला. "घान व्हती ना ताई. तुम्हीच ते सांगं, परत देवानी शे म्हनीसन. अशी घान वाटी परत कशी देतस? आनि रिकामी कशी देतस?"

माझ्या आईनेही हेच केलं असतं. शेजाऱ्यांचं भांडं घासून, पुसून, त्यात काहीतरी घालून परत जातं. लहानपणी हे भांडं पोचवण्याचं काम माझ्याकडे असायचं आणि वाटेत मी त्यातलं एखादं खायचे. मी सुनंदाच्या जागी असते तर मीही चिंच आणि राख घेऊन बसले असते.

मी पाटावर बसले. चिठ्ठीवर माझी सही होती. ज्या स्थितीत नेला त्याच स्थितीत. एका माणसाने पहिल्याच भेटीत माझ्या हातात वस्तू दिली आणि मी समुद्राने शेकडो वर्षं चढवलेलं पूट एका सकाळीत मोरीत घालवलं. वसंतभाऊ दारातच उभे राहिले.

"किती घासलं?" मी विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"घासनंच नही पडनं," सुनंदा म्हणाली. "गरम पानीमा ठेई. इतलाश्या येळमा सुटी गयं." तिने मोरीतली तसराळी पुढे केली. तळाशी वाळू, शिंपल्यांचे तुकडे, एक अख्खा शंख, आणि या सगळ्याखाली पांढरट, रबरासारखी सालपटं. तिने त्यातलं एक चिमटीत धरून ताणलं आणि सोडलं. मग नखाने उकललं, नाकाशी नेलं.

"ताई, हाऊ ते आमना गोंद शे."

"म्हणजे?"

ती आतून कोन घेऊन आली, ताटलीत थेंब पाडला, गॅसच्या धगीशी वाळवला आणि त्यावर गरम पाणी ओतलं. थेंब पांढरा झाला, फुगला, कडेने सुटला. खडे लावायचा गोंद दोन प्रकारचा असतो, तिने सांगितलं. पक्का धुण्यात टिकतो. कच्चा फक्त दुकानात लावून ठेवायच्या साड्यांसाठी. गरम पाण्यात टाकला की सुटून येतो. "पक्का लावता ते दोन दिन घासनं पडतं," ती म्हणाली, आणि या बाबतीत तिच्या शब्दाला माझ्या नाशकातल्या जाणकारांच्या शब्दाहून जास्त वजन होतं.

मला आधी हायसं वाटलं. मी काही बिघडवलं नव्हतं. मग पुढचा हिशेब लक्षात आला. वाटी खोटी, म्हणजे चिठ्ठी नाही, म्हणजे रिसॉर्ट नाही, म्हणजे दुकान नाही. हे सगळं एका पाठोपाठ एक, जिना उतरल्यासारखं.

त्याच वेळी मॅनेजरचा फोन आला. मी त्याला सरळ सांगितलं की वाट्या समुद्रातल्या नाहीत, वरचं सगळं चिकटवलेलं आहे.

"दिसतात कशा?" त्याने विचारलं.

"चांगल्या दिसतात."

"मग झालं तर. मॅडम, पाहुणे काय गरम पाण्यात घालून बघणार आहेत? तुम्ही चिठ्ठी तेवढी द्या."

मी दुपारी कळवते म्हटलं. कळवते म्हटलं, नाही म्हटलं नाही. हे लक्षात असू द्या, कारण मी स्वतः ते विसरू शकलेले नाही. मी, वसंतभाऊ, सुनंदा आणि तो मॅनेजर सोडला तर हे कुणाला माहीत नव्हतं. वाटी हातून फुटली म्हणून सांगितलं असतं, भरपाई दिली असती, साठ वाट्या उचलल्या असत्या आणि सही केली असती. रिक्षात बसून कतारगामला जाईपर्यंत मी दुकानातल्या एकेका फळीचा विचार करत होते. मांडीवर वाटी होती. लाडू सांडू नयेत म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरली होती.

पुन्हा कतारगाम

हसमुखभाईंना वाटीच्या आधी लाडू दिसले. "ओहो, तलना लाडू! संक्रांत वहेली आली." त्यांनी एक उचलून तोंडात टाकला आणि मग वाटीकडे पाहिलं. चावणं थांबलं.

रिक्षात मी फुटल्याची गोष्ट मनातल्या मनात चांगली जुळवली होती. पण समोरच्या माणसाच्या तोंडात सुनंदाचा लाडू होता. मी सगळं सांगून टाकलं. घासलेलं, सुटलेलं, कच्चा गोंद, सगळं. सोबत आणलेली सालपटांची पुडीही उघडून ठेवली. हिरे ठेवायची पुडी असते तशीच ती दिसत होती.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी खालच्या चहावाल्याकडून गरम पाण्याची किटली मागवली. बादलीत पाणी ओतून त्यांनी गोडाऊनमधून एक वाटी आणून सोडली. आम्ही चहा प्यायलो. चहा संपायच्या आत पुटाची कडा पांढरी पडली. त्यांनी दुसरी आणली, मग वेगवेगळ्या खोक्यांतून आणखी दोन. त्या चारही वाट्या अर्ध्या तासात नव्या कोऱ्या झाल्या. शिंपले बादलीच्या तळाशी बसले.

"में बधाने जबान आपी छे," ते बादलीकडे बघत म्हणाले. "मुंबई, राजकोट, इंदोर. सगळ्यांना सांगितलं, हसमुख बोलतो, खरा माल." मग त्यांनी टेबलाखालून वही काढली, माझ्यासमोरच फोन लावला आणि एकेकाला सांगायला सुरुवात केली. गुजराती मला सगळं कळत नाही. "मारी भूल" एवढं दर फोनला कळत होतं. तिसऱ्या फोननंतर मी बाहेर गॅलरीत गेले. मला तो आवाज ऐकवत नव्हता.

गॅलरीतूनच मी मॅनेजरला फोन केला आणि चिठ्ठी मिळणार नाही म्हणून सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला, की मग काचसामानाचंही ते दुसरीकडे बघतील. मी बरं म्हटलं. खाली जिन्यात एक माणूस दुसऱ्याला पुडी देत होता.

आत आले तेव्हा हसमुखभाईंनी माझी जांगडची चिठ्ठी फाडून ठेवली होती. मी निघायला लागले तसे ते म्हणाले, "थोभो बेन." कपाटातून डबा काढला. त्यात अडदिया होते, उडदाच्या पिठाच्या तुपातल्या वड्या, हिवाळ्यात यांच्या घरोघरी होतात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टेबलावरची आपली वाटी उचलली, रबरबँड आणि टाचण्या खणात ओतल्या, रुमालाने आतून पुसली आणि तीत अडदिया भरले.

"तमारी देराणीने, जावेने, खाली वाटी नाय पाठवली. मी पण खाली नाय पाठवणार. तिला सांगा, आ पण कच्चा गोंद. धुवून घे."

चार वाट्यांची परीक्षा आमच्या डोळ्यांसमोर झाली होती. पाचवीही बादलीत घालून बघावी, असं आम्हा दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही.

नाशिक

मी परत आले त्याला आता बरेच महिने झाले. हसमुखभाईंनी तो माल फेकला नाही आणि खरा म्हणून विकलाही नाही. सगळी खोकी लिंबायतला सुनंदाच्या गल्लीत पाठवली. खडे चिकटवणाऱ्या बायकांना महिनाभर गोंद सोडवायचं काम मिळालं. नगावर. सुनंदा त्यांची मुकादम. गल्लीतल्या प्रत्येक दारासमोर शिंपल्यांचा ढीग होता, आणि शेजारची लहान मुलं इथे समुद्र कधी होता म्हणून विचारत होती, असं वसंतभाऊंनी फोनवर सांगितलं.

पुटं निघाल्यावर वाट्या चांगल्याच निघाल्या. पातळ, हलक्या, आमटीला बरोब्बर. मी त्यातल्या बऱ्याच उचलल्या. दुकानात पाटी लावली: चीनच्या नव्या वाट्या. गिऱ्हाईक विचारतं, नव्या असं मुद्दाम का लिहिलंय? मी सगळी गोष्ट सांगते. बहुतेक जण ऐकून हसतात आणि सहा घेऊन जातात. मार्च आला आणि गेला. शटर अजून रोज वर जातं. पुढच्या मार्चचं मला माहीत नाही.

परवा सुनंदाचा फोन आला. अडदियाची वाटी तिने शेवटची ठेवली होती. आधी अडदिया संपायचे होते, मग हळदीकुंकवाला तीत वाण ठेवलं, मग खडे. आता कुठे ती धुवायला काढली होती.

"ताई, हाई सुटस नही," ती म्हणाली. "तीन दिन झायात. गरम पानी करं, सोडा टाका. हालस बी नही. तो शिंपला ते दगडमाच शे. हाऊ आमना गोंद नही."

एका गल्लीने काही शे वाट्या सोडवल्या होत्या आणि त्यातली एकही अडली नव्हती. नमुना खरा आला होता. नमुना पाहूनच तर माल मागवतात.

"सुनंदा, आता घासू नकोस," मी म्हटलं. "चिंच तर अजिबात लावू नकोस. कोरडी पुसून कपाटात ठेव."

मग मी हसमुखभाईंना फोन लावला. त्या सगळ्या व्यवहारात त्यांच्या हाती आलेली एकच खरी वस्तू त्यांनी स्वतःच्या हाताने देऊन टाकली होती, तीही खोटी समजून. मी सुनंदाला सांगून वाटी परत पाठवते, वसंतभाऊ उद्याच आणून देतील, असं मी एका दमात म्हणाले.

पलीकडे जिन्यातली माणसं ऐकू येत होती.

"बेन," ते म्हणाले, "ती जांगडवर नव्हती दिली."

आणि मग विचारलं, अडदिया जास्त गोड तर नव्हते झाले?